झोपलेले वाजंत्री आणि कोर्डीची तिसरी रेकॉर्ड

खरं सांगते, खरं सांगते, खरं सांगते! तीनदा म्हटलं, कारण आमच्या हिकरी गॅपमध्ये ओव्हेला थ्रॅशरनं, म्हणजे मीच, एकदा म्हटलेलं कुणी हिशोबातच धरत नाही. पुढं सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर ही माझी कवळी माझ्याच जिभेला कडकडून चावो. घ्या, आता याच्यापुढं काय शपथ घ्यायची माणसानं?

तर कोर्डी. माझ्या लेकीची लेक. गळ्यात विजेची गिटार आणि आवाज असा, की जुन्या गोदामाचं दार कुणी सावकाश उघडतंय. गाणी स्वतः रचायची. चाली आमच्याच, डोंगरावरच्या, चर्चमधल्या, आणि वर ती गिटार करवतीसारखी. शहरात त्याला ‘रूट्स रॉक’ म्हणतात म्हणे. म्हणजे मुळं आणि दगड. आमच्या अलाबामात लोक दोन्ही शेतातून उपटून बांधाला फेकतात, आणि ही पोर ते गोळा करून नॅशव्हिलला घेऊन गेली.

दोन रेकॉर्डी निघाल्या तिच्या. दोन्ही आपटल्या. आपटणारच! मागं वाजवणारे चार दांडगट रेकॉर्ड कंपनीनं दिले होते. ते असं काही बडवायचे की कोर्डीचा आवाज ऐकायचा तर रेकॉर्डला कान लावून झोपावं लागायचं. मी लावला होता. कानात सुई गेली, आवाज नाही गेला.

मग कंपनीनं सांगितलं, तिसरी शेवटची. सोमवारी टेप आमच्या टेबलावर आली तर ठीक, नाहीतर करार संपला. पोरगी तिशीला टेकलेली. तिनं काय करावं? गपचूप जाऊन कोंबड्यांच्या कारखान्यात नाव घातलं. मंगळवारी सकाळी सातपासून कामावर. तिथं उभं राहायला पांढरे रबरी बूट लागतात, गुडघ्यापर्यंतचे. ते पण घेऊन आली. सात नंबरचे.

“हे काय गं?” मी विचारलं.

“काही नाही आजी. असू देत.”

“रेकॉर्ड व्हायच्या आधीच?”

“दोनदा मी नंतर घ्यायचं ठरवलं होतं,” ती म्हणाली. “या वेळी आधीच घेतले. म्हणजे रडत दुकानात जायला नको.”

ते बूट माझ्या चुलीपाशी चार दिवस उभे होते. माझ्याकडे बघत होते. शेवटी मीच उचलून तिच्या गाडीत टाकले.

रेकॉर्डिंग कुठं करायचं, तर आमच्या चर्चमध्ये. ही आयडिया गॉल्टसाहेबांची. प्रेंटिस गॉल्ट म्हणजे रेकॉर्डिंग करणारा माणूस. उंच, बारीक, चेहऱ्यावर कायम अपचन झाल्यासारखं. त्यांना जुन्या लाकडी खोल्यांचं आणि जुन्या रिळांच्या मशीनचं भारी वेड. फोनवर त्यांनी शनिवार ठरवून टाकला. जूनच्या दुसऱ्या रविवारच्या आधीचा शनिवार. आता त्या दिवशी आमच्याकडे काय असतं ते आमच्या कोंबड्यांना पण ठाऊक आहे. दिवसभराचं गाणं! माझ्या आजीच्या आजीपासून तो दिवस हललेला नाही. एका वर्षी वादळानं चर्चच हललं, रस्त्यापलीकडं जाऊन बसलं, पण दिवस नाही हलला. आम्ही रस्ता ओलांडून गेलो आणि गायलो.

कोर्डी म्हणाली, “लोक सकाळी गातील, दुपारी जेवतील, मग आपण.” गॉल्टसाहेब म्हणाले, “ठीक.” बिचारे.

आमचं गाणं म्हणजे ऐकायला बसायचं गाणं नव्हे. बाकं चारी बाजूंनी चौकोनात, तोंडं आत. एका बाजूला जाडे आवाज, एकीकडे बारीक, तिसरीकडे मधले, चौथीकडे चाल धरणारे. मध्ये मोकळी जागा. तिथं एकानं उभं राहून हात वर-खाली करायचा. वाद्य एकही नाही. आणि सूर लिहिलेले असतात आकारांत: त्रिकोण दिसला की फा, गोल दिसला की सोल, चौकोन म्हणजे ला, आणि तिरका उभा चौकोन म्हणजे मी. कुठलंही गाणं असो, पहिल्यांदा अख्खं गाणं त्या फा-सोल-लावर गायचं. शब्द दुसऱ्या फेरीला. आधी शब्द गायले तर आमच्याकडे माणसाला घाम फुटतो. चड्डी न घालता बाहेर आल्यासारखं वाटतं, असं हॉइटदादा म्हणायचे. हॉइट लेडबेटर म्हणजे आमचे म्होरके. अठ्ठ्याऐंशी वय, चिमणीएवढं शरीर, आणि पाय आपटून ठेका धरायचे तो तीन मैलांवर ऐकू जायचा.

दुपारी बाराला कंपनीचे ते चौघं वाजंत्री मोठ्या गाडीतून उतरले आणि देवदाराखाली सामान काढून लागले की वाजवायला, हात गरम करायला म्हणून. ढाम! ढूम! कोर्डीनं गायला तोंड उघडलं. नुसतं तोंड उघडलेलं दिसलं, बाकी काही नाही. मासा दिसतो ना काचेच्या भांड्यात, तशी.

मी ड्रमवाल्यापाशी गेले. ब्रॅनन त्याचं नाव. दंड माझ्या कमरेएवढे.

“बाळा, जरा हळू नाही का वाजवता येणार? पोरीचं गाणं आहे.”

“आजी,” तो हसून म्हणाला, “रॉक हळू नसतं.”

“नसतं का?”

“नसतं.”

“बरं बाबा,” मी म्हटलं. “जेवून तर घ्या आधी.”

आता जेवण. झाडाखाली लांबच लांब टेबलं, वर पांढरा कागद अंथरलेला, आणि प्रत्येक घरचं एकेक भांडं. पाहुण्यानं प्रत्येक बाईचं थोडं तरी खायचं, नाहीतर त्या बाईचा अपमान. त्या शनिवारी एक्केचाळीस बाया होत्या. चौघांनी चिकन खाल्लं सोळा तऱ्हांचं, बटर बीन्स खाल्ले, मक्याचा पाव खाल्ला, भोपळा खाल्ला. एकविसाव्या भांड्याला गिटारवाला म्हणाला, “बास.” तिथल्या बाईचा ओठ थरथरला. त्यानं घाबरून दोनदा घेतलं.

आणि शेवटी आलं लूडीबाईंचं केळ्यांचं पुडिंग. लूडी बरेल गाताना माझ्या समोरच्या बाकावर बसते, पन्नास वर्षं झाली. तिला वाटतं तिच्यासारखं पुडिंग जगात नाही. पाहुण्यांचं बघायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीच माझ्या हातानं चौघांना वाढलं. दोनदा वाढलं. ब्रॅननला तीनदा. दंड मोठे ना त्याचे.

दहा मिनिटांत चौघंही देवदाराखाली आडवे. गॉल्टसाहेबांनी हलवलं, हाका मारल्या, गार चहा तोंडावर ओतला. ब्रॅननला उचलायला सहा माणसं आणि एक ट्रॅक्टर लावला. ट्रॅक्टरचं पुढचं चाक वर आलं, पण ब्रॅनन नाही आला.

“कशानं झालं हे?” हॉइटदादांनी विचारलं.

“लूडीच्या पुडिंगनं,” मी म्हटलं.

“माझ्या?” लूडी लाल झाली. “माझं पुडिंग खाऊन आजवर कुणी जांभई दिली नाही!”

“खाऊन नाही, बघूनच देतात,” मी म्हटलं.

भांडण जुंपलं असतं, पण कोर्डी मटकन गवतावर बसली. “झालं,” ती म्हणाली. “आज शनिवार. हे उठणार कधी, मी गाणार कधी, टेप जाणार कधी? आजी, माझे बूट गाडीत आहेत ना?”

हॉइटदादा तिच्याजवळ उकिडवे बसले. “पोरी, मागं कुणीतरी गायला-वाजवायला पाहिजे, एवढंच ना? आम्ही नव्वद जण आहोत. पोटं भरलीत. नाहीतरी दुपारचं गाणं बाकीच आहे.”

“अहो आजोबा, माझी गाणी तुम्हाला येत नाहीत.”

“आकार लिहिले की येतात.”

“कशावर लिहिणार?”

त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा पांढरा कागद ओढला. भांडी खाली गेली, बाया ओरडल्या, त्यांनी ऐकलं नाही. कानामागची सुताराची पेन्सिल काढली. कोर्डी एकेक चाल गुणगुणायची आणि ते कागदावर त्रिकोण, गोल, चौकोन काढत सुटायचे. दहा गाणी दीड तासात. मग कागद टराटरा फाडून चारी बाजूंच्या बाकांना वाटले.

ढोल वाजवावे म्हटलं तर बायांनी त्यावर धुतलेली भांडी पालथी घालून ठेवलेली. “ठेका मी देतो,” हॉइटदादा म्हणाले. पण जेवल्यावर त्यांच्या पायाची बोटं सुजायची, बुटात पाय जाईना. तेव्हा मी गाडीतून ते पांढरे रबरी बूट आणले. सात नंबर. अगदी मापाचे! त्यांनी फळ्यांवर एकदा पाय आपटून बघितला. धप्प. आणि उचलताना रबर फळीला चिकटून चीक्. धप्प-चीक्. धप्प-चीक्. आमच्या मधल्या बाकावरची बाई म्हणाली, “अगं, हे तर ड्रमपेक्षा बरंय.”

गॉल्टसाहेब मशीन घेऊन आत आले. “सगळ्यांनी माइककडे तोंड करा.”

कुणी हललं नाही.

“अहो, माइककडे!”

“आम्ही एकमेकांकडे बघून गातो,” हॉइटदादा म्हणाले. “त्याला ऐकायचं असेल तर त्यानं मध्ये येऊन उभं राहावं.”

मग माइक मध्ये. कोर्डी पण मध्ये, गिटार घेऊन. भिंतीत विजेचं भोक एकच, त्यात गिटारची वायर. गॉल्टसाहेबांचं मशीन चालायचं गाडीच्या बॅटरीवर, आणि जवळ रिळं फक्त तीन. ते बाहेर गाडीत बसले, कानाला डबे लावून.

आत हॉइटदादांनी सांगितलं, “गाणी नवी आहेत. तेव्हा आधी दहाही गाणी फा-सोल-लावर काढू. मग शब्द. कोर्डी, तू तुझे शब्द गात बस हवं तर. ही नुसती ओळख आहे, मोजायची नाही.”

मोजायची नाही म्हटल्यावर पोरीचे खांदे खाली आले. मी समोरून बघत होते. दोन रेकॉर्डीत जो श्वास तिनं छातीत धरून ठेवला होता तो सोडला.

आणि गायलो आम्ही! पहिल्या गाण्याला खिडक्यांची तावदानं थरथरली. दुसऱ्याला छतातल्या गांधीलमाश्या पोळं सोडून रांगेनं दाराबाहेर गेल्या. तिसऱ्याला जाडे आवाज खाली उतरले तसं छप्पर वर उचललं गेलं, हातभर, आणि ओळ संपल्यावर परत अल्लद खाली बसलं. पत्रा खुळखुळला. प्रत्येक ओळीला वर, खाली, खुळखुळ. रेकॉर्डवर ऐका, खंजिरी वाजल्यासारखं वाटतं. खंजिरी नव्हे ती, आमचं छप्पर आहे.

तिसऱ्याच गाण्यात बारीक आवाजवाल्या बाया मध्येच एकदम आभाळात चढल्या. कोर्डी दचकली. गाणं संपल्यावर म्हणाली, “तिथं सूर वर जात नाही.”

लूडीनं कागद दाखवला. “जातो. हा बघ.”

“लूडीमावशी, तो सूर नाही. ती ग्रेव्ही सांडलीय.”

हॉइटदादांनी चष्मा लावून निरखलं. “चौकोनी आहे,” म्हणाले. “चौकोन म्हणजे ला. कागदावर आहे ते गायचं.” विषय संपला. पुढं एका पेपरवाल्यानं लिहिलं की त्या एका सुरासाठी संगीतकाराला फार धाडस लागतं. धाडस कसलं, कागद पुसायला कुणाला वेळ नव्हता.

चौथ्या गाण्यात कोर्डीची गिटार एकटीच वाजायची होती. सुरू झाली, रंगली, आणि ठप्प! बघते तर आमच्यातल्याच एका बाईनं वायर काढून कॉफीचं मोठं भांडं लावलेलं. सगळं शांत. आणि त्या शांततेत खिडकीबाहेरून ब्रॅननचं घोरणं आलं. घर्र... फू. घर्र... फू. बरोब्बर ठेक्यात, हो! हॉइटदादांनी बोट वर केलं, की थांबा, त्याचं होऊ द्या. तो आठ वेळा घोरला आणि आम्ही परत उचललं. त्या माणसानं उभ्या जन्मात इतकं हळू आणि इतकं गोड कधी वाजवलं नव्हतं.

दहावं गाणं संपलं. हॉइटदादांनी घाम पुसला. “छान ओळख झाली. आता शब्द.”

तेवढ्यात गॉल्टसाहेब दारात. चेहरा पांढराफटक.

“संपली,” म्हणाले. “रिळं संपली.”

“म्हणजे?” कोर्डी.

“तुम्ही तोंड उघडलंत, मी मशीन चालू केलं. मला काय माहीत ओळख की काय ते! तुम्ही सगळे एक तास नुसतं फा सोल ला करत होतात. नव्वद माणसं! शब्दच नाहीत!”

कोर्डीनं गिटार उतरवली. हॉइटदादांच्या पायांकडे बघितलं, त्या बुटांकडे, आणि हात पुढं केला. “द्या आजोबा. मला मंगळवारी लागतील.”

दादांनी बूट नाही काढले. ते गॉल्टसाहेबांकडे वळले. “तुम्ही सकाळपासून इथं आहात आणि तुमचं नाव नाही पुकारलं आम्ही. चूक झाली. आमच्यात आलेला माणूस मध्ये उभा राहिल्याशिवाय जात नाही. या.”

“मला गाता येत नाही.”

“गायचं नाही. उभं राहायचं आणि हात हलवायचा. झाड तोडल्यासारखा.”

“अहो, पण मला...”

लूडीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. पन्नास वर्षांत आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते एकच काम. आणला आणि उभा केला चौकोनात. आमच्या जुन्या पुस्तकातलं एक गाणं निघालं, आधी फा-सोल-ला, मग शब्द. चारी बाजूंनी नव्वद माणसं त्या एका बारीकशा माणसावर. छप्पर वर गेलं. या वेळी ते खाली यायला विसरलं, दुसऱ्या कडव्यापर्यंत तरंगत राहिलं, वरून ऊन आत आलं. गॉल्टसाहेबांचा हात आधी लाकडासारखा होता, मग सैल झाला. शब्दांची फेरी आली तोवर त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि अपचन कुठल्या कुठं गेलेलं.

संपल्यावर त्यांनी बाहीनं नाक पुसलं. मग म्हणाले, “शब्द तुमच्याकडून कशाला हवेत? शब्द हिचे आहेत की. पहिल्यांदाच ऐकू आले मला.” कोर्डीकडे वळून म्हणाले, “जे झालंय तेच नेतो. एक सूर बदलत नाही.”

“कंपनी काय म्हणेल?”

“कंपनीला इथं मध्ये आणून उभं करू.”

टेप रविवारीच निघाली. सोमवारी कंपनीच्या साहेबानं ऐकली, फोन केला आणि विचारलं, हे मागचे लोक कुठल्या भाषेत गातायत? गॉल्टसाहेब म्हणाले, “चौकोनात.” साहेबाला ते इतकं खोल वाटलं की त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

पण मंगळवार उजाडला तेव्हा हे आम्हाला कुठं ठाऊक होतं! कोर्डी पहाटे उठली, बूट घालायला गेली. दोन्हीचे तळवे फाटून लोंबत होते. दहा गाणी धप्प-चीक् करून हॉइटदादांनी रबराची चाळण केलेली. बुटांशिवाय कारखान्यात आत घेत नाहीत. ती पायरीवर बसून फाटके बूट मांडीवर घेऊन नवे कुठं मिळतील असं मला विचारत होती, तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. ऐकलं. आणि म्हटलं, “पोरी, बूट ठेव आता. तुला नॅशव्हिलला अनवाणी बोलावलंय.”

रेकॉर्डचं नाव तिनं ठेवलं ‘सात नंबर’. रेडिओवर लागली, दुकानांत संपली, परत छापली. करारात मागे वाजवणारे म्हणून त्या चौघांची नावं होती, तेव्हा कव्हरवर त्यांचाच फोटो आला, देवदाराखाली ओळीनं झोपलेले. ते सोमवारी दुपारी उठले होते आणि शपथेवर सांगत होते की आम्ही वाजवलं, आम्हाला आठवतंय. पुढं कोर्डीचे कार्यक्रम झाले तर लोकांचा हट्ट, की बँड तसाच पाहिजे. अजूनही स्टेजवर चार खाटा टाकतात. ब्रॅननचं घोरणं आलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी चिठ्ठी पाठवली त्याला एकदा: ‘बाळा, रॉक हळू असतं की.’

हॉइटदादा गेले. ते बूट चर्चच्या खिळ्याला टांगलेत. आणि कव्हरच्या मागं छापलंय, ‘लूडीबाईंच्या पुडिंगचे आभार.’ पंचवीस वर्षं मी ते मुकाट वाचतेय. परदेशातून लोक येतात तिच्या हातचं खायला. आणि आता परवा तिनं गवंड्याला बोलावून सांगितलं की तिच्या थडग्याच्या दगडावर पण तेच कोरायचं.

दगडावर! म्हणजे मी मेले तरी तिच्या शेजारच्या माझ्या ठरलेल्या जागेत पडून तेच वाचत राहायचं.

तर सांगून टाकते. ते पुडिंग लूडीचं नव्हतं. माझं होतं. शुक्रवारी कोर्डीच्या दोन्ही जुन्या रेकॉर्डी लागोपाठ ऐकत मी ते केलं, आणि माझ्या गेलेल्या नवऱ्यानं कोठाराच्या फळीखाली लपवलेली दारूची बरणी त्यात अख्खी रिकामी केली. चर्चच्या आवारात हे कसं सांगणार? तोंडात लूडीचं नाव आलं. तिचं पुडिंग तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि ते खाऊन खरंच कुणी जांभई दिली नाही. तिलाही हे पक्कं ठाऊक आहे. पंचवीस वर्षं समोरच्या बाकावरून माझ्याकडे बघत ती ला ला गातेय आणि एक अक्षर बोलत नाही, लबाड कुठली.

तेवढी एक गोष्ट खोटी होती. आणि बघा, कवळी चावली खरंच, आत्ताच. पण छप्पर उचललं गेलं होतं. हातभर.